माशीसाठी चार फूट जागा

दुधीच्या वेलाला पांढरी फुले लागतात, फुलामागे बोटाएवढा कोवळा दुधीही दिसू लागतो आणि चार दिवसांत तो पिवळा पडून गळून जातो, हा अनुभव आपल्यापैकी अनेक भगिनींना आला असेल. आमच्या वस्तीत २०२२ सालच्या पावसाळ्यात हेच घडले. विहाराच्या मागच्या भिंतीलगत चार फूट रुंद आणि तीस फूट लांब अशी मातीची पट्टी आहे. वस्तीतील एक ज्येष्ठ उपासिका, ज्यांना लहानथोर सगळेच मावशी म्हणतात, त्यांनी तेथे दुधी, काशीफळ आणि दोन-चार वांगी लावली होती. वेल पत्र्यावर चढला, पानांनी पत्रा झाकून गेला, परंतु दुधी काही धरेना.

मग सल्ले सुरू झाले. कोणी म्हणाले खत कमी पडले, कोणी म्हणाले बियाणेच खोटे. एक दिवस वेलाच्या बुडाशी लिंबू-मिरची बांधलेली दिसली. बावीस प्रतिज्ञा ज्यांना तोंडपाठ आहेत अशा वस्तीत हे कोणी केले असेल, याची चौकशी आम्ही केली नाही. लिंबू सोडून घेतले, ते चांगले होते. सरबताला उपयोगी पडले.

पण आम्ही स्वतः जे केले ते त्याहून वाईट होते, तेही येथे सांगितले पाहिजे. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर, कचेरीत कारकून. शेतीचे ज्ञान म्हणाल तर गावी सुटीत गेल्यावर पाहिले तेवढेच. आम्ही एका दुकानात जाऊन ‘दुधी गळतो’ एवढेच सांगितले आणि दुकानदाराने इमिडाक्लोप्रिडची बाटली हाती ठेवली. रविवारी सकाळी आठ वाजता आम्ही मोठ्या उत्साहाने सगळ्या पट्टीवर फवारा मारला. त्या वेळी काशीफळाची पिवळी फुले पूर्ण उघडलेली होती. दुसऱ्या दिवशी मावशी झाडायला गेल्या तेव्हा त्यांना मातीवर बारीक, लालसर कमरेच्या माश्या मरून पडलेल्या दिसल्या. त्यांनी त्या केरसुणीने लोटल्या नाहीत. कागदावर गोळा करून आम्हाला दाखवायला आणल्या. सतरा होत्या. दुधी मात्र गळायचा तो गळतच राहिला.

मावशींनी मग आम्हाला वेलाजवळ नेले. त्यांच्या तरुणपणी त्या जालना जिल्ह्यात संकरित कपाशीच्या बियाण्याच्या प्लॉटवर रोजंदारीने जात असत. त्या कामाला तिकडे ‘क्रॉसिंग’ म्हणतात. संध्याकाळी मादी ओळीतील कळ्यांचे पुंकेसर नखाने काढून टाकायचे, दुसऱ्या दिवशी सकाळी नर ओळीतील फूल तोडून त्या फुलांवर घासायचे आणि ओळख राहावी म्हणून दोरा बांधायचा. दिवसभर उन्हात वाकून शेकडो फुले करावी लागत. मावशी शाळेत गेलेल्या नाहीत. त्या म्हणाल्या, “भाऊ, ह्याला रोग नाई अन्‌ नजर तर नाईच नाई. ह्याचं क्रॉसिंग झालं नाई. माशीच आली नाई ह्याच्यावर.”

नववीत शिकणारी त्यांची नात तेथेच उभी होती. तिने पुस्तकातला शब्द सांगितला, परागीभवन. आजीकडे काम होते आणि नातीकडे शब्द होता. आमच्यापाशी मात्र विषाची बाटली होती!

दुधीचे लग्न संध्याकाळी

दुधीच्या एकाच वेलावर नर आणि मादी अशी दोन प्रकारची फुले वेगवेगळी येतात. नर फूल लांब बारीक देठावर असते. मादी फुलाच्या मागे जन्मापासूनच लवदार छोटा दुधी असतो. नर फुलातला पराग मादी फुलावर पोहोचला नाही तर तो छोटा दुधी वाढत नाही, पिवळा पडून गळतो. सुरुवातीला नर फुले पुष्कळ येतात आणि मादी मागाहून, त्यामुळे पहिले काही दिवस नुसती फुलेच गळताना दिसली तर घाबरण्याचे कारण नाही.

गळण्याचे दुसरेही एक कारण असते, ते म्हणजे फळमाशी. ती कोवळ्या फळाला टोचून आत अंडी घालते. म्हणून गळलेला दुधी फेकून देण्याआधी सुरीने चिरून पाहावा. आत अळ्या असतील तर फळमाशी समजावी आणि अशी फळे तेथेच न टाकता प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून उन्हात ठेवावीत. आत काहीच नसेल, नुसता सुकलेला गर असेल, तर बहुधा परागीभवन झालेले नाही. आमचे सगळे दुधी आतून स्वच्छ निघाले. बाटली आणण्याआधी सुरी आणली असती तर सतरा माश्या वाचल्या असत्या.

कपाशीचे काम सकाळचे, पण दुधीचे फूल संध्याकाळी उमलते आणि रात्रभर उघडे राहते. पांढरे फूल अंधारात दिसते ते रात्री फिरणाऱ्या पतंगांसाठी. मावशींनी दिवेलागणीला नर फूल तोडले, पाकळ्या मागे दुमडल्या, मधला परागाचा दांडा मादी फुलाच्या मधोमध हलकेच टेकवला आणि देठाला लाल दोरा बांधला. तीन संध्याकाळी मिळून नऊ फुलांना दोरा बांधला. त्यातील सहा धरले. पहिला दुधी काढला तेव्हा तो विहारात आणून ठेवला आणि नंतर त्याची भाजी पाच घरांत वाटली गेली.

हे सर्व झाल्यावर आमच्या मनात प्रश्न आला की, जे काम पतंगाने फुकट करायचे ते साठीच्या बाईने शिडीवर चढून का करावे? त्या वर्षी कोपऱ्यावर मोठा प्रखर दिवा बसला होता. तो बसवून घेण्यासाठी अर्जावर पहिली सही आमचीच आहे, आणि रात्रपाळीहून येणाऱ्या मुलींसाठी तो हवाच. परंतु प्रकाशाचा रात्रीच्या कीटकांवर परिणाम होतो हे शास्त्रज्ञांनी दाखवले आहे. स्वित्झर्लंडमध्ये कुरणांवर केलेला एक अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात रस्त्यावरच्यासारखे दिवे लावलेल्या जागी रात्रीच्या कीटकांच्या फुलांवरील भेटी अंधाऱ्या जागेपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी आढळल्या. आमचा दुधी त्या दिव्यानेच बुडाला असे आम्ही छातीठोकपणे म्हणणार नाही. पाऊसही सतत होता, आणि फवारणीचे पाप आमचेच. पुढच्या वर्षी वेल भिंतीच्या मागे, दिव्याच्या सावलीत नेला. २०२३ मध्ये दोरा न बांधता अकरा दुधी निघाले.

कोण कोण येते?

मधमाशी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मोहोळ आणि मध येतो. परंतु भाजीच्या वाफ्यावर येणाऱ्यांपैकी फार थोड्या मध साठवतात. आपल्याकडची सातेरी माशी झाडाच्या ढोलीत किंवा भिंतीच्या पोकळीत राहते. फुलोरी ही सर्वांत लहान मधमाश्यांपैकी एक. झुडपाच्या फांदीवर तळहाताएवढे एकच पोळे करते, आणि आम्ही मारल्या त्या याच असाव्यात. आग्या माशी मोठी, ती उंच झाडाला किंवा पाण्याच्या टाकीखाली लोंबते.

यांच्याखेरीज एकएकट्या राहणाऱ्या माश्यांचे फार मोठे कुळ आहे, आणि आम्हाला तर त्याचा पत्ताच नव्हता. ज्या काळ्या भुंग्याला आपण कपड्याने हाकलतो तो वाळलेल्या लाकडात आणि बांबूत गोल भोक पाडून घर करतो. १४ एप्रिलला ध्वजाचा नवा बांबू आणला की जुना कुंपणाला बांधून ठेवण्याची आमच्याकडे पद्धत आहे. त्या बांबूला पडलेले भोक पाहून आम्ही वाळवी समजलो होतो. आत भुंग्याचा संसार होता. तो बांबू आता तसाच ठेवला आहे.

वांग्याची गंमत त्याहून निराळी. वांग्याच्या फुलातला पराग उघडा नसतो, पिवळ्या नळ्यांत बंद असतो आणि नळीच्या टोकाला बारीक छिद्र असते. भुंगा किंवा निळ्या पट्ट्यांची एक चपळ माशी फुलाला घट्ट धरते आणि अंग थरथरवते. त्या वेळी तिची गुणगुण एकदम वेगळी, चढ्या सुरात ऐकू येते, आणि छिद्रातून पराग मिठासारखा झडतो. मधमाश्यांना ही युक्ती येत नाही. सकाळी डबा भरून कामावर निघताना दोन मिनिटे वांग्याशेजारी उभे राहिलात तर हा आवाज आपणांसही ऐकू येईल. आम्ही यासाठी एकदा बस चुकवली आहे.

गुलाबाच्या पानांच्या कडा कात्रीने कापल्यासारख्या गोल कापलेल्या दिसल्या की लोक औषध आणतात. ते एका माशीचे काम असते. पानाचे ते गोल तुकडे नेऊन ती पिल्लांसाठी खोल्या करते. झाडाचे त्यात काही बिघडत नाही.

जैवविविधतेविषयीच्या आंतरसरकारी मंचाचा एक अहवाल २०१६ साली निघाला. जगातील महत्त्वाच्या अन्नपिकांपैकी पाऊणहून अधिक प्रकारची पिके कमी-अधिक प्रमाणात अशा कीटक-पाखरांवर अवलंबून आहेत, असे त्यात म्हटले आहे. यात ज्वारी, बाजरी, गहू, तांदूळ येत नाहीत, त्यांचे काम वारा करतो किंवा त्यांचे तेच भागवतात. म्हणजे माशी गेली तरी आपली भाकर राहील. पण कालवण महाग होईल, आणि बाजारात महाग झालेली वस्तू सर्वांत आधी कोणाच्या ताटातून जाते हे आपणांस सांगावयास नको. ज्या कामासाठी मावशींना दिवसभर राबावे लागे, ते काम करणारा मजूर आपण फवाऱ्याने मारतो, हा हिशेब आमच्यासारख्या जमाखर्च लिहिणाऱ्याला तरी आधीच कळायला हवा होता.

पट्टीवर काय लावले

विकतची रोपे फारशी लागत नाहीत. किराणा दुकानातले धणे चोळून दोन फाका केले, मेथी, मोहरी, पॉलिश न केलेले तीळ आणि सब्जा, एवढे सगळे डब्यातूनच मिळाले. मुख्य युक्ती अशी की, सगळी कोथिंबीर, सगळी मेथी काढून घ्यायची नाही. काही ताटे फुलावर जाऊ द्यायची. कोथिंबिरीच्या पांढऱ्या तुऱ्यांवर इतके बारीक कीटक येतात की, काहींची नावे कोणालाच सांगता येणार नाहीत. सुरुवातीला भगिनींना हे पटत नव्हते. दहा रुपयांची जुडी माशीसाठी सोडायची म्हणजे काय? मग असे ठरले की पट्टीच्या डाव्या टोकाला हात लावायचा नाही, उजवीकडचे सर्वांचे.

एक कढीपत्ता चाळीस रुपयांना, लिंबाची दोन रोपे एकशेवीसला आणि शेणखताची दोन पोती एकशेसाठला. एकूण खर्च तीनशेवीस रुपये, पावत्या फाइलला लावल्या आहेत. लिंबाच्या आणि कढीपत्त्याच्या पानांवर पाखराच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी येते. ती काढून टाकू नये, तिचेच पुढे मोठे फुलपाखरू होते. पाने थोडी खाल्ली जातात, झाड मरत नाही. महाराष्ट्राने २०१५ साली राज्य फुलपाखरू म्हणून जाहीर केलेली राणी पाकोळीही लिंबाच्या कुळातल्या झाडांवरच वाढते. आमच्याकडे ती अजून आलेली नाही.

तुळशीवरून मात्र बरीच चर्चा झाली. वृंदावनाची आठवण नको म्हणून आपल्या अनेक घरांतून तुळस गेली, त्यामागची भावना आम्ही समजतो. परंतु माशी तुळशीकडे वृंदावन म्हणून पाहत नाही, तिला तुऱ्यातला रस दिसतो. ज्यांना तुळस नको त्यांनी त्याच कुळातला सब्जा लावावा, माश्या तितक्याच येतात. आम्ही सब्जा लावला, वादही मिटला आणि फालुदाही झाला.

झेंडू लावायचा तर साध्या, मोजक्या पाकळ्यांचा, ज्याचा मधला पिवळा भाग उघडा दिसतो. गड्ड्यासारखा भरगच्च झेंडू दिसायला सुंदर, पण माशीच्या हाती त्यातून फारसे लागत नाही. मोगऱ्याच्या भरगच्च जातींचेही तेच. कोपऱ्यात आपोआप उगवलेली एकदांडी आणि रुई उपटू नये. रुईचा चीक डोळ्यांना वाईट, एवढे मुलांना बजावून ठेवावे.

सर्वांत अवघड असते ते वर्षभर काहीतरी फुललेले ठेवणे. हिवाळ्यात मोहरी, मुळा, कोथिंबीर असते. उन्हाळ्यात कढीपत्ता आणि रस्त्यावरचा कडुनिंब असतो. भर पावसाळा मात्र माश्यांचे दुष्काळाचे दिवस. पावसात त्यांना उडताही येत नाही आणि फुलातला रसही धुऊन जातो. त्या दिवसांत तीळ, काशीफळ आणि सब्जा यांनी आमच्याकडे बरीच वेळ भागवली.

पाण्याची आमच्या शहरात काय अवस्था आहे ती सर्वांना ठाऊक आहे, नळ आला की वस्तीला जाग येते. पट्टीला आम्ही भाज्या-तांदूळ धुतलेलेच पाणी घालतो. माश्यांसाठी मात्र एका मातीच्या परळात खडे टाकून खडे बुडणार नाहीत इतके पाणी ठेवतो, खड्यावर बसून त्या पाणी पितात, बुडून मरत नाहीत. हे पाणी एक दिवसाआड फेकून परळ घासलेच पाहिजे. नाहीतर माशीच्या नावाने आपण डेंग्यूचे डास पाळू.

औषध आता आम्ही मारत नाही. मावा फारच झाला तर निंबोळी अर्क, तोही दिवस मावळल्यावर, माश्या परतल्यानंतर, आणि उघडी फुले टाळून. इमिडाक्लोप्रिड झाडाच्या रसात भिनून फुलापर्यंत जाते, म्हणून केवळ वेळ बदलून भागत नाही. युरोपीय संघाने २०१८ साली या औषधासह त्याच कुळातील तीन औषधांचा उघड्या शेतातला वापर बंद केला. आमची उरलेली अर्धी बाटली कपाटात कुलपात आहे. तिचे काय करावे हे त्या दुकानदारालाही सांगता आले नाही.

विहारात पुष्पपूजेसाठी सकाळी मुले फुले तोडतात. पहाटेच सारी फुले तोडली गेली तर माशीला दिवसभर काय उरणार? धम्मपदाच्या पुप्फवग्गात फुलाला न दुखावता रस नेणाऱ्या भ्रमराची उपमा आहे, तिचा अर्थ एका रविवारी मुलांना समजावून सांगितला. तेव्हापासून प्रत्येकी एकच फूल, आणि डाव्या टोकाचे नाही. मोठी माणसे हा नियम मुलांपेक्षा अधिक मोडतात.

आग्यामोहोळाविषयी मात्र सावध राहावे. त्यांना दगड मारू नये, खाली धूर करू नये. ही माशी बहुधा ठरावीक ऋतूत येते आणि पुढे आपण होऊन निघून जाते. वाटेतच असेल तर जाणकार माणूस बोलवावा. एखादी माशी चावली तर काटा ताबडतोब खरवडून काढावा. खूप चावल्या, किंवा एकच चावूनही श्वास लागला, ओठ-चेहरा सुजला, तर घरगुती उपाय न करता थेट दवाखाना गाठावा.

पेव्हर ब्लॉकचा प्रश्न

२०२४ च्या उन्हाळ्यात विहाराच्या संपूर्ण अंगणात पेव्हर ब्लॉक बसवण्याचा प्रस्ताव आला. निधी मिळण्यासारखा होता. सभेत आम्ही एकटेच कुरकुरलो, आणि तेही खजिनदार असल्यामुळे जरा विचित्र दिसले. पण एकट्या राहणाऱ्या माश्यांपैकी बहुतेकींची घरे उघड्या मातीत असतात, पेन्सिल जाईल एवढ्या भोकात. मावशींनी पट्टीच्या कडेला अशी चौदा भोके मोजून भोवती चुन्याने गोल केले होते. त्यावर ब्लॉक बसला की आतल्या अळ्या आतच राहणार.

दुसरी बाजूही खोटी नाही. पावसाळ्यात चिखल होतो, मागच्या वर्षी एक आजोबा घसरून पडले आणि महिनाभर अंथरुणावर होते. चाकाच्या खुर्चीवरून वंदनेला येणारे एक बांधव आहेत, त्यांना मातीतून यायला दोन माणसे लागतात. अध्यक्ष म्हणाले, “माणसाआधी माशी का?” याला आमच्यापाशी एका वाक्यात उत्तर नव्हते. मावशी उठून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “दारापासून विहारापर्यंत बसवा की, चांगला रुंद बसवा. मागच्या भितीकडं कोण चालतंय? तिथं मीच चालते, अन्‌ मी काई घसरत नाई.”

निर्णय पुढच्या सभेवर गेला, मग त्याच्या पुढच्या. ठेकेदाराचे कोटेशन अद्याप आमच्या फाइलमध्ये आहे. त्यातील एकूण चौरस फुटांपुढे आम्ही पेन्सिलीने ‘वजा १२०’ असे लिहून ठेवले आहे. सही व्हायची बाकी आहे.